सॅम्पल फ्लॅट

हॉल

"बसू का गं यावर?" आईने सोफ्याला बोट लावून विचारलं.

"आपलाच आहे. बस की."

आपला नव्हता. हा बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट, गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेला. थोरली तो रोज झाडायची, पुसायची, दाखवायची. साहेब जेवायला गेले होते. हातात पाऊण तास होता. तीन वर्षं ती आईला इथलेच फोटो पाठवत होती. सोमवारी हे सगळं सामान निघणार होतं. तिची नोकरी संपणार होती, आणि नोकरीबरोबर ती आणि नवरा राहत होते ती साइटमागची पत्र्याची खोलीही.

आईच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या. आज त्या मागायच्या होत्या. कशा, तेही ठरलं होतं: घराला रंग काढायचाय, चार महिने तुझ्याकडे येतो. एकदा आत शिरलं की कोण बाहेर काढतंय!

किचन

आई नळाकडे वळली.

"आज टाकी धुतायत," थोरली घाईने म्हणाली. नळाला पाइपच नव्हता. फ्रिज म्हणजे नुसता खोका. ती त्याला पाठ लावून उभी राहिली.

"नाहीतर धाकटीकडे बघ," आई म्हणाली. "ओल येऊन भिंती फुगल्यात. पोरं सारखी खोकतात."

(बाथरूमचं दार थोरलीने उघडलंच नाही.)

बेडरूम

आई पलंगाच्या कडेला टेकली. आता, थोरलीने स्वतःला बजावलं. आता रंगाचं काढ.

"भिंती कशा आरशासारख्या गं!" आई म्हणाली. "दहा वर्षं रंगाला बघायला नको."

थोरलीने तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं: "इम्पोर्टेड आहे रंग."

परत हॉल

आईने पिशवीतून कागद काढला.

"खोल्यांचं बक्षीसपत्र. मी काय, एका कोपऱ्यात मावेन. नावाची जागा वकिलाला कोरी ठेवायला सांगितली. म्हटलं, आधी थोरलीचं घर डोळ्यांनी बघते. खरं सांगू? तुझ्या फोटोंवर माझा विश्वासच नव्हता. वाटायचं, पोरगी बढाया मारतेय, आत काहीतरी जळतंय. तसं असतं तर तुझंच नाव घातलं असतं." तिने पदराने डोळे टिपले. "घोर मिटला बघ. धाकटीला दिल्या तर वाईट नाही ना वाटणार?"

पाऊण तासातली दहा मिनिटं उरली होती. खरं बोलायला एक पुरलं असतं.

"मला? आहेत त्याच खोल्या झाडता झाडता कंबर मोडतेय माझी."

आई हसली. कितीतरी दिवसांनी अशी मोकळी हसली.

"मग धाकटीचं नाव तूच घाल. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

थोरलीने पेनाचं टोपण काढलं. काचेच्या टेबलावर कागद सरळ केला.

"सासरचं लिहू की माहेरचं?" तिने विचारलं.