किरकोळ

नोकरी सोडून स्वतंत्रपणे हिशेब लिहू लागलेल्या तनुजाला पहिलं काम मिळालं ते सुमनताईंच्या पिठाच्या गिरणीचं. ताईंचे यजमान महिन्यापूर्वी झोपेतच गेले होते. वह्या त्यांच्याच अक्षरातल्या, पिठानं माखलेल्या.

"ताई, दर महिन्याला 'किरकोळ, साडेआठशे' लिहिलंय. कशाचे हे?" विचारताना तिला धाकधूक होती. गेलेल्या माणसावर संशय घेतल्यासारखं वाटून पहिलंच गिऱ्हाईक तुटायचं.

"पावत्या वहीच्या पुठ्ठ्याच्या खोळीत ठेवायचे ते," म्हणत ताईंनी आत बोटं घातली. बारा पावत्या निघाल्या. सगळ्या हृदयविकाराच्या गोळ्यांच्या.

ताई त्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "छाती चोळताना दिसले की मी विचारायची. म्हणायचे, किरकोळ आहे."

तनुजानं हळूच विचारलं, "कुठल्या खात्यात टाकू?"

"कुठंही टाका. पण किरकोळ लिहू नका."