चहापुरतं दूध

जंगलखात्याच्या नाकेदाराने पितळी लोटा फागीच्या पुढ्यात आदळला. चहापुरतं दूध हवं होतं. आत्ता.

त्याच्या मागे मुंबईचे दोन तरुण उभे होते. पाठीवर पट्ट्यांनी आवळलेली बोचकी. पाड्यावरच्या बायका दाराआडून बघत होत्या. एवढी बडी माणसं स्वतःचं ओझं स्वतः वाहत आली होती, आणि कशासाठी, तर दाभोशाला पाणी वरून खाली पडतं ते बघायला. पाणी दुसरं करणार काय, असं म्हणून रखमीम्हातारी तोंडावर हात ठेवून हसली.

दूध म्हटल्यावर मात्र हसणं थांबलं. पाड्यावर गाय पिळायची रीत नव्हती. गाईचं ते वासराचं. मिशा फुटलेल्या बाप्यांनी वासराच्या तोंडचं काढून प्यायचं, या नुसत्या विचाराने फागीने तोंड फिरवलं. रखमी तर उघड उघड थुंकली.

नाकेदाराला हे सगळं ठाऊक होतं. त्यानेही फागीच्या सारवलेल्या अंगणात तंबाखूची पिंक टाकली आणि आवाज न चढवता सांगितलं, की काल तिची गाय संस्थानाच्या राखीव रानात चरत होती. दूध मिळालं तर ती त्याला दिसली नव्हती. नाही मिळालं तर गाय आज जव्हारच्या कोंडवाड्यात. एकटी. वासराबद्दल काही हुकूम नव्हता.

त्या रानात पाड्याने वाळकी काडी मोडली तरी दंड होता. सकाळी याच पाहुण्यांनी तिथल्या सागावर चाकूने आपली नावं कोरली होती. चीक लागलेला चाकू नाकेदाराने आपल्या धोतराला पुसून परत दिला होता. गवताचा भारा आणताना रखमीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरचे बाप्ये गवत कापायला गेलेले. विचारायचं कुणाला? फागी लोटा घेऊन परसात गेली.

वासरू सहा दिवसांचं होतं. पुढचे पाय अजून नीट टेकत नव्हते. गाय हडकलेली, त्यालाच पुरत नव्हतं. ते आचळाला ढुशी द्यायचं, दमायचं, गाईच्या पोटाला कपाळ लावून उभं राहायचं, पुन्हा ढुशी द्यायचं. फागीने आचळाकडे हात नेला. वासराने तोच हात चाटला. खरखरीत, कोमट जीभ. तिने हात मागे घेतला.

मग ती गाईच्या आडोशाला, अंगणाकडे पाठ करून बसली आणि चोळीची गाठ सोडली. तिला बाळंत होऊन अजून महिना व्हायचा होता.

चहा झाला. चष्मेवाल्या पाहुण्याने मिटक्या मारत पेला संपवला, मिशीला लागलेला थेंबही जिभेने टिपला. असं गोड दूध मुंबईत पाहायला मिळत नाही म्हणाला. नाकेदाराने भांड्यात उरलेला चहा स्वतःच्या घशात ओतला. चष्मेवाल्याने वही काढली. प्रवासाची हकिगत तो लिहून ठेवत होता. गाईचं नाव काय, त्याने विचारलं, आणि उद्या सकाळीही दे म्हणाला.

खोटं बोलायचं असतं हे फागीच्या डोक्यातच आलं नाही.

"गाईचं नाय ते," ती म्हणाली. "माझं हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग चष्मेवाला उठला, कुडाला धरून वाकला आणि भडाभडा ओकला. नाकेदाराने घशात दोन बोटं घातली. काही निघेना, तशी त्याने काठी उचलली. बाटवलंस, म्हणाला, साहेबांना बाटवलंस, मला बाटवलंस. ओकारीवर माश्या बसू लागल्या. दाराआडच्या बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. वासराचं मागताना या माणसांना काही वाटलं नव्हतं.

दुसरा पाहुणा अजून प्यायला नव्हता. त्याने भरला पेला हळूच खाली ठेवला आणि नाकेदाराची काठी धरली. पण फागीकडे बघताना त्याच्याही चेहऱ्यावर किळसच होती.

"कसली आई तू?" तो म्हणाला. "पोटच्या लेकराच्या तोंडचं काढून आम्हाला दिलंस?"

फागी चोळीची गाठ घट्ट करत होती. ओली झालेली जागा तिने पदराने झाकली.

"गाईच्या दुधाला वासरू हाय, दादा," ती म्हणाली. "माझं पिणारं पंधरा दिसांमागं गेलं."