पेनीला हाका

डीना शेगडीसमोर पालथी पडून खाली टॉर्च मारत होती. तिचा बाप ऑर्व्हल शेजारी गुडघ्यांवर वाकला होता आणि कपाटाखाली तोंड नेऊन हाका मारत होता.

"पेनी! ए पेनी!"

"बाबा, साप आहे तो, मांजर नाही," डीना हसली. "हाका ऐकायला त्याला कान कुठायत?"

तोही हसला. पण हाका मारायचा थांबला नाही.

पेनी कपाटाखाली नव्हती. गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये होती, टॉवेलात गुंडाळलेली, गोठवलेल्या उंदरांच्या पिशवीखाली.

पेनी आणि बिस्किट, दोन्ही सापांना एकत्र खायला घालायचं नाही, हे ऑर्व्हलला माहीत होतं. त्याची बायको लोएटा पेनीला उचलून वेगळ्या डब्यात ठेवायची, मगच उंदीर द्यायची. पण त्यासाठी पेनीला हातात घ्यावं लागायचं. लोएटा गेल्यापासून चार महिने तो काचेच्या पेटीतच दोन उंदीर टाकत आला होता, एक या कोपऱ्यात, एक त्या, आणि लगेच जाऊन टीव्हीसमोर बसत होता. गेल्या रविवारी परत येऊन बघतो तर दोघांनी एकच उंदीर धरलेला. बिस्किट मोठा. उंदरामागोमाग त्याने पेनीलाही अर्ध्यापर्यंत गिळलं होतं. ऑर्व्हलने तेव्हा त्यांना पहिल्यांदा हात लावला. ओढून सोडवलं. तोवर पेनी मेली होती.

बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा खणता येईना, कचऱ्यात टाकवेना. फोनवर त्याने लेकीला सांगितलं, पेनी निसटली. ती ओमाहाहून तशीच गाडी काढून आली.

डीना उठली. स्वयंपाकघरापासून गॅरेजच्या दारापर्यंत तिने जमिनीवर मैदा भुरभुरला.

"सरपटली की माग उमटेल. आईने बिस्किटला असंच पकडलं होतं, आठवतं? तुम्ही दोन दिवस मोटेलात जाऊन राहिला होतात!"

"एकच दिवस," ऑर्व्हल म्हणाला.

"आता एक उंदीर काढते. गरम पाण्यात टाकला की वास सुटेल, वासाने येईल ती."

"मी आणतो." तो घाईने उठायला गेला. गुडघा वाजला.

"तुम्ही? आई म्हणायची, त्या फ्रीजरकडे तुम्ही पाठ करून चालता. बसा, गुडघे सांभाळा."

सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. तो बसला.

फ्रीजर उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा बराच वेळ आला नाही.

डीना परत आली तेव्हा तिच्या हातात एकच उंदीर होता. मैद्यावर तिच्या मोज्यांचे ठसे तेवढे उमटले होते, जातानाचे आणि येतानाचे. तिने मगात गरम पाणी घेतलं, उंदीर छोट्या पिशवीत घालून त्यात बुडवला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"तुम्ही हाका मारत होतात, बाबा."

ऑर्व्हल आपल्या हातांकडे बघत राहिला.

"डबा कुठाय?"

"कुठला?"

"पेनीला जेवताना ठेवायचा. आईचा."

"आता कशाला? एकटाच तर राहिलाय."

"आणा."

डबा सापांच्या पेटीवरच्या फळीवर होता, लोएटाने ठेवला होता तिथेच. ऑर्व्हलने टाचा उंचावून तो खाली काढला. झाकणावर धूळ बसली होती. डीना बघत होती. त्याने शर्टाच्या बाहीने झाकण पुसलं. धुळीखालून लोएटाचं अक्षर निघालं, शेवटी शेवटी आजारपणात झालं होतं तसं, वाकडंतिकडं.

'ऑर्व्हल, जेवताना दोघांना वेगळं ठेव. घाबरू नकोस, ती चावत नाही.'