श्वास घेणारी भिंत

"पृथ्वी वाचवायची असेल तर सुरुवात स्वयंपाकघरातून करावी लागते," असं पद्मराजांनी जाहीर केलं, तेव्हा श्रोत्यांत एकट्या प्रेमलाबाई होत्या, आणि त्यांनी मिक्सर चालू केला.

मिक्सर थांबल्यावर उत्तर आलं. "पृथ्वीचं तुमी बघा. मी बेंगळूरला वृषभकडं चालले. कायमची. पोराचं किचन बघितलासा नव्हं? आरशागत हाय."

बँकेतून निवृत्त होऊन पद्मराजांना वर्ष झालं होतं. बेळगावातलं घर सोडून मुलाच्या सातव्या मजल्यावर राहायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती, आणि बायकोशिवाय राहायची तर करवतच नव्हती.

"ह्याच घरात असं स्वयंपाकघर करून देतो," ते म्हणाले, "की तुझा पाय निघणार नाही."

"बघू," प्रेमलाबाई म्हणाल्या. "झाल्यावर सांगते."

काम सुरू झालं. फरशी, प्लायवूड, डिस्टेंपर, सगळ्याला बंदी. नवीन काही आणायचं नाही, मोडीत निघालेलंच वापरायचं, अशी पद्मराजांची प्रतिज्ञा होती. निपाणीकडं एक जुनं गोदाम पाडत होते. तिथल्या सागवानी फळ्या त्यांनी टेम्पोत घातल्या. गोदामाच्या कोनाकोपऱ्यांत वर्षानुवर्षं साठलेला तपकिरी पाल्याचा चुराही पोती भरून उचलला. तिथली माणसं तो नाहीतरी फेकूनच देणार होती.

"भिंतीच्या चिखलात भुशाऐवजी हाच घाल," त्यांनी रवळू गवंड्याला सांगितलं.

रवळूनं पोत्यात डोकावून बघितलं. मग पद्मराजांकडं बघितलं. "ह्योच घालायचा, आप्पा? नक्की?"

"नक्की. आणि वरून चुना नको, रंग नको. भिंत श्वास घेते रं. तिचं नाक दाबायचं नाही."

पद्मराजांचं स्वतःचं नाक मात्र जन्माचं चोंदलेलं होतं.

"मग मी काय बोलत न्हाय," रवळू म्हणाला आणि कामाला लागला. एरवी जेवायला म्हणून गेला की दुसऱ्या दिवशी उगवणारा हा माणूस, इथं दिवेलागण झाली तरी हलायचं नाव घेईना. चिखल तुडवताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. मातीत हात घातला की माणूस सुधारतो, याची पद्मराजांनी मनात नोंद केली.

स्वयंपाकघर तयार झालं. काचेच्या कौलांतून उन्हाचे पट्टे उतरायचे आणि त्यांत सोनेरी धूळ तरंगत राहायची. पहिल्या दिवशी प्रेमलाबाई फोडणी टाकता टाकता मटकन खाली बसल्या.

"डोकं गरगरतंय वो. आणि वास कसला ह्यो?"

"शुद्ध हवा आहे ती. तुला सवय नाही. होईल."

झाली. आमटीची वाफ भिंतीवर चढायची, भिंत ओलसर व्हायची आणि मग सगळं कसं हळू हळू होत जायचं. दुधाला उतू जायची घाई नसे. घड्याळ भिंतीवर होतं, पण कुणी बघत नसे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुपारीचा तुकडा आला नव्हता, तिथं नवराबायको बडीशेप चघळत, अर्धे डोळे मिटून, जुन्या सहलींबद्दल बोलत बसायचे. त्यांतल्या काही सहली झालेल्याही नव्हत्या.

झुरळं गेली. मुंग्या गेल्या. एक पाल भिंतीवर चढली, अर्ध्यात थांबून विचारात पडली आणि आल्या वाटेनं उतरून गेली. "समतोल," पद्मराज म्हणाले.

शेजारच्या गुणाबाई दातदुखीनं बेजार होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण रोज दुपारी न चुकता यायची आणि कोपऱ्यात पाट टाकून भिंतीला टेकून बसायची. एक बोट सारखं हिरडीवरून फिरायचं.

"कसं आहे दुखणं?" पद्मराज विचारायचे.

"लई उतार हाय रं, पद्मू. तुझी भिंत म्हंजे देव हाय."

त्या कोपऱ्यात भिंतीला ओंजळभर खळगा पडला होता. पद्मराजांना त्याचं काही वाटलं नाही. श्वास घेणारी भिंत, थोडी झिजायचीच.

तरी आधी बोलल्याप्रमाणं प्रेमलाबाई बेंगळूरला गेल्या. त्या बॅग भरत होत्या तेव्हा पद्मराजांना काही विचारायचं धाडस झालं नाही. ते नुसते स्वयंपाकघरात जाऊन बसले. उन्हाचा पट्टा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर सरकत होता. आपण हरलो, असं त्यांना वाटलं, पण फार वाईट वाटेना.

आठवडा पुरा व्हायच्या आत वृषभचा फोन आला. "आप्पा, आईला काय झालंय? झोपत न्हाय. सगळ्यांवर खेकसतीया. हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात काय न्हाय. घरी जाते, माझ्या किचनात बसते, एवढंच धरून बसलीया."

दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई दारात हजर. बॅग उंबऱ्यातच टाकून त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीला कपाळ टेकवलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"आता कुठं जायची न्हाय मी," त्या म्हणाल्या.

पद्मराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा विजय एकट्यानं पचवणं शक्य नव्हतं. दुपारी त्यांनी अख्खी गल्ली स्वयंपाकघरात बोलावली. माणसं आली, बसली, थोडी शिंकली आणि शांत झाली. उन्हाच्या पट्ट्यांत सगळ्यांच्या माना हलकेच डुलू लागल्या. प्रेमलाबाई भिंतीला पाठ लावून हसत होत्या.

"मित्रहो," पद्मराज उभे राहिले, "माणूस सातव्या मजल्यावर गेला, तरी माती त्याला परत ओढून आणते. आज हिला आणलं. उद्या तुम्हालाही आणील. मी विचारतो, ही ओढ कसली आहे?"

गुणाबाईंनी तोंडातलं बोट काढलं.

"पद्मू," त्या म्हणाल्या, "ह्या कोपऱ्यातली तंबाकू सरली रं. माझा पाट तेवढा त्या कोपऱ्यात सरकीव."