चढावरची चाचणी

तिसऱ्यांदा यंत्र बंद पडलं तेव्हा मोजणीदार चढाच्या अर्ध्यावरसुद्धा पोचले नव्हते.

दुकानाच्या मागे दुकानदाराने मुद्दाम एक ओबडधोबड चढ राखून ठेवला होता. गुडघाभर गवत, मध्ये खड्डे, अधूनमधून दगड. बसून गवत कापायचं यंत्र घ्यायला आलेल्याने फरशीवर गोल फेरी मारून खूश होऊ नये, आधी इथे चालवून बघावं, असा त्याचा खाक्या. मोजणीदारांना तो खाक्या पसंत पडला होता. घरामागच्या टेकडीची चढण त्यांनी स्वतः मोजून कागदावर आणली होती आणि अर्धा तास दुकानदाराला भंडावून सोडलं होतं. चाकं किती रुंद, पाती जमिनीपासून किती वर उचलतात, उतारावर कलंडायची भीती किती. दोघांनी मिळून पाचातली चार यंत्रं बाद केली. उरलं ते हे, बुटकं आणि रुंद बुडाचं.

सुरू केलं की झकास चालायचं. चाक खड्ड्यात गेलं, सीट जराशी उसळली, की गप्प.

"यंत्रच खराब आहे," खाली उभ्या असलेल्या बायकोने निकाल देऊन टाकला. "अहो, उतरा तुम्ही. दुसरीकडे बघू."

"काकू, सकाळीच मी या चढावर दोन फेऱ्या मारल्यात," दुकानदार म्हणाला. मग तो यंत्राजवळ गेला आणि आवाज उतरवून त्याने विचारलं, "काका, वजन किती आहे तुमचं?"

मोजणीदारांनी सैल झालेली पँट वर ओढली. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी गेल्या महिन्याभरात खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती.

"सीटखाली एक स्विच असतो," दुकानदार चाचरत म्हणाला. "वर माणूस बसलाय हे त्याला कळतं, तोवरच पाती फिरतात. माणूस पडला की सगळं बंद. आता खड्ड्यात तुम्ही थोडे उचलले जाता, आणि त्याला वाटतं..."

"की वर कोणी नाही," मोजणीदारांनी त्याचं वाक्य पुरं केलं.

दवाखान्यातल्या काट्यावर दर आठवड्याला उतरणारे आकडे त्यांना तोंडपाठ होते. आकड्यांचं त्यांना काही वाटत नसे. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. हे मात्र लागलं.

बायको तरातरा जवळ आली. "मग तो स्विच काढून टाका. एवढ्याशा गोष्टीसाठी काय अडून बसायचं?"

"लोक काढतात. मी काढून देत नाही, काकू. माणूस खाली पडलेला आणि पाती फिरतायत, हे नको."

"महिनाभरात येईल यांच्या अंगावर मांस. भूक लागतेय आता. काल तर ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं."

ताट दारातल्या कुत्र्याने स्वच्छ केलं होतं. ते तिलाही ठाऊक असावं.

मोजणीदार स्टिअरिंगचा आधार घेत खाली उतरले. "तू बस."

"मी? मला काय करायचंय? टेकडी तुमची, गवत तुमचं."

"गवत वाळलं की वणवा येतो. गेल्या उन्हाळ्यात कुंपणापर्यंत आला होता."

"तेव्हा तुम्ही होतात की," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

आपल्यामागे ती त्या टेकडीखाली एकटी राहणार, ही गोष्ट घरात अजून कोणी तोंडातून काढली नव्हती. मोजणीदारांनी विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. इथे तिला उठून जायला जागा नव्हती.

"बस," ते पुन्हा म्हणाले.

तिने पर्स त्यांच्या हातात कोंबली आणि सीटवर बसली. दुकानदाराने किल्ली फिरवून दिली, पाती सुरू करून दिली.

"आडवं घालायचं नाही," मोजणीदार बजावत होते. "सरळ वर, सरळ खाली. खड्डा दिसला की हळू."

यंत्र चढायला लागलं. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला, ती गदागदा हलली, पण यंत्र एकदाही थांबलं नाही. मागे कापलेल्या गवताचा सरळ पट्टा पडत गेला. दुकानदार उगाचच आपल्या बुटांकडे बघत राहिला. मोजणीदारांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

माथ्याजवळ गेल्यावर तिने मान वळवून खाली पाहिलं. मग दोन्ही पाय रोवून ती सीटवरून वीतभर वर उठली. मोजणीदारांनी ते स्वच्छ पाहिलं.

यंत्र बंद पडलं.

"बघितलंत?" वरून तिचा आवाज आला, पैज जिंकल्यासारखा. "माझ्याखालीसुद्धा बंद पडतंय! यंत्रच खराब आहे हो!"

दुकानदाराने मोजणीदारांकडे पाहिलं. एक नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर ती हसत खाली आली असती आणि दोघं रिकाम्या हातांनी घरी गेले असते. ते 'हो' अगदी त्यांच्या ओठांवर आलं होतं.

यंत्र चढावर हळूहळू मागे सरकायला लागलं.

"सीटवरून उठायचं असेल," मोजणीदार होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "तर आधी ब्रेक दाबायचा!"

ती मटकन खाली बसली. त्यांच्याकडे तिने वळून पाहिलं नाही.

"कुठल्या पायाने?" तिने विचारलं. "डाव्या?"