दोरीबाहेरची पायरी

“बाई, तुम्हाला इथून उठावं लागेल.”

सेक्रेटरीने हे तिसऱ्यांदा सांगितलं. नावाड्याची लेक जागची हलली नाही. तिने डब्यातली जिवंत कोळंबी उचलली, शेपटीजवळून गळाला ओवली आणि दोरा खाडीच्या पाण्यात सोडला. लाल टोकाचा तरंगा दोनदा डुचमळला आणि ताठ उभा राहिला.

“तुमची दोरी कुठपर्यंत आहे?” तिने विचारलं.

“ती काय, खांबापर्यंत.”

“आणि मी कुठे बसलेय?”

खांब तिच्यापासून चांगला चार हात दूर होता. दोरीच्या आत क्लबचे बावीस सभासद घडीच्या खुर्च्या टाकून वार्षिक स्पर्धेला बसले होते. दोरीबाहेर होती ही शेवाळलेली पायरी. तिचा बाप पस्तीस वर्षं याच पायरीला नाव लावायचा. पूल झाला, नाव गेली, मागोमाग बापही गेला. तरंगा कसा वाचायचा, तेवढं मात्र लेकीला शिकवून गेला.

तीन वर्षं ओळीने तिने सभासद होण्यासाठी अर्ज केला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं : क्लबमध्ये महिलांची सोय नाही. खाली सेक्रेटरीची झोकदार सही. तिसरं उत्तर तिने टराटरा फाडलं आणि ठरवलं, आता विचारणं बंद.

“स्पर्धेच्या दिवशी काठ क्लबच्या ताब्यात असतो,” सेक्रेटरी म्हणाला.

“काठ असेल. तासाभरात भरती लागेल, मग ही पायरी पाण्यात जाईल. मी पाण्यात बसेन. पाण्याला पण दोरी बांधणार का, सेक्रेटरीसाहेब?”

खुर्च्यांमधून कुणीतरी खुसखुसलं. सेक्रेटरीचे कान लाल झाले. आपापल्या तरंग्यांकडे मंडळींचं लक्षच नव्हतं, सगळ्यांचे डोळे या दोघांवर. सेक्रेटरीने मदतीच्या आशेने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. त्यांनी टोपी नाकावर ओढली.

“मला मध्ये घेऊ नका,” ते म्हणाले. “तुमचं तुम्ही निस्तरा.”

सेक्रेटरी वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ऊन चढतंय. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.”

“तुमच्या तरी कुठे आहे?”

तो पाय आपटत आपल्या खुर्चीकडे गेला.

अकराच्या सुमाराला त्यालाच पहिला मोठा मासा लागला. तीन किलो शंभरचा जिताडा. टाळ्या पडल्या. गेली पाच वर्षं करंडक त्याचाच होता, सहावंही खिशात पडल्यासारखंच. त्याने हळूच पायरीकडे पाहिलं. ती तरंग्याकडे बघत होती.

“मावशी,” टोकाच्या खुर्चीवरचा जाड्या सभासद ओरडला, “मासा बाजारात पण मिळतो हं!”

“मिळतो तर. गेल्या वर्षी तुम्ही तिथूनच नेलात म्हणे. मासेवाली सांगत होती.”

या वेळी सगळा काठ हसला. 

मग भरती लागली. पाणी उलटं फिरलं, तरंगे समुद्राकडून गावाकडे सरकू लागले. ती दर अर्ध्या तासाने दोरा ओढून घ्यायची, तरंग्यावरची गाठ वीतभर वर सरकवायची आणि पुन्हा सोडायची. पाणी चढतं तसं आमिषही खाली जायला हवं, कारण मोठा मासा तळ सोडत नाही. दोरीआतल्या मंडळींनी सकाळी बांधलेली गाठ तशीच ठेवली होती. त्यांच्या कोळंब्या अधांतरी लोंबत होत्या.

पाणी पायरीवर आलं. तिच्या पावलांवर, मग पोटऱ्यांवर. ती उठली नाही.

चारला शिट्टी होणार होती. दहा मिनिटं उरली असताना तिचा तरंगा पाण्यावर आडवा झाला. बुडाला नाही, नुसता उताणा पडला. खालून कुणीतरी आमिषासकट दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन उचललं होतं. तिने तीन आकडे मोजले आणि काठी खेचली.

काठी कमानीसारखी वाकली. दोरा करकरत धावला, तिचा तळवा चिरला. एक पाय शेवाळावरून सटकला आणि ती गुडघ्यावर आदळली. सेक्रेटरी ताडकन उभा राहिला. मग बाकीच्यांकडे बघून खाली बसला. डॉक्टर हातजाळी घेऊन धावले.

“कुणी हात लावायचा नाही!” ती ओरडली.

शिट्टी व्हायच्या आत मासा पायरीशी आला होता. तिने तो कल्ल्यात बोटं घालून उचलला, दोरी ओलांडली आणि थेट सेक्रेटरीच्या टेबलावर आपटला.

“वजन करा.”

“नियमाप्रमाणे सभासद नसलेल्यांना करंडक...”

“करंडक ठेवा तुमच्याकडे. मला वजन हवंय. तुमच्या तोंडून.”

सेक्रेटरीने मासा काट्याला टांगला. आकडा स्थिर होईपर्यंत तो बघत राहिला. मग घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चार किलो तीनशे.”

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. “बाई,” ते म्हणाले, “पुन्हा एकदा अर्ज द्या. या वेळी मी स्वतः बघतो.”

“अर्ज आता क्लबने करायचा, डॉक्टर. या म्हणून. घ्यायचा की परत पाठवायचा, ते मी ठरवेन.”

तिने मासा खांद्यावर टाकला, निथळत्या कपड्यांनी वरच्या रस्त्याची वाट धरली. वळणाशी पोचली तेव्हा मागून घाईघाईची पावलं ऐकू आली. करंडक काखोटीला मारून सेक्रेटरी धापा टाकत येत होता. कुणी ऐकत नाही ना, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं आणि मग हळूच म्हणाला,

“अगं, ऐक ना. माझी किल्ली सकाळी घरीच राहिलीय. मी येईपर्यंत आतून कडी लावू नकोस.”