मोहफुलात ठेवलेला फोन

केसरबाईंनी पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून फोन काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. दुकानभर मोहाचा वास सुटला.

"भिजला होता का, बाई?" नूतनने विचारलं.

"नाल्यात पडला होता. सांगतेत ना, भिजला का तांदळात ठेवा म्हनून. घरी तांदूळ मुठभरच होता. मंग मोहात ठेवला. तोबी वाळलेलाच राह्यते."

चिमूरच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता नूतनला सल्ले द्यायची खोड लागली होती. भिंतीवर तिच्याच अक्षरातला कागद होता. भिजलेला फोन चालू करून पाहू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. अनोळखी लिंक दाबू नका. आणि सगळ्यांत खाली, ठळक: तांदूळ शिजवायला असतात. दुसरं कोणी असतं तर तिने त्या ओळीवर बोट ठेवून चांगली फिरकी घेतली असती. पण केसरबाईंचा चेहरा पाहून तिची जीभ रेटली नाही.

तिने मागचं झाकण उघडलं. आत चिकट थर बसला होता आणि बॅटरीच्या कडेला एक सुकलेलं फूल दबून राहिलं होतं. तिने ते चिमट्याने काढून बाजूला ठेवलं.

"फोन कोणाचा?"

"आमच्या घरधन्याचा. देवराव. मोह येचाले गेले होते. जनावरानं नेलं." केसरबाईंनी त्या फुलाकडे पाहिलं. "हे त्या दिवशीचंच हाय. अर्धं टोपलं येचलं होतं त्यायनं. त्यातच मी ठेवला होता फोन."

गेल्या महिन्यात पेपरात वाघाच्या हल्ल्याची ती बातमी होती. नूतनने ती वाचून पान उलटलं होतं. आता तिला त्याची लाज वाटली. ती ब्रश फिरवत राहिली.

"फोटो काढून देऊ का यातले?" माणूस गेलेल्या घरचे लोक फोटोंसाठीच येतात.

"फोटो नाई पाह्यजे. मले एकच पाह्याचं हाय. आवाज चालू होता का बंद."

नूतनने वर पाहिलं.

"जंगलात शिरले का ते आवाज बंद करत. सगळेच करतेत. मोह येचतानी मानूस वाकलेला राह्यते, त्याले कानाचाच आधार. पन मंग ते माह्या फोन उचलतच नोते. म्हनून आदल्या सांजी भांडण झालं. मीच आवाज पुरा वाढवून देला." केसरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सकाळी साडेसहाची एसटी आली तवा फोन लावला. चहा ठंडा होऊन राह्यला होता, दुसरं काई काम नोतं. घंटी गेली. त्याच्यानंतर बंदच सांगे. जंगलचा गार्ड म्हने, साडेसहालाच झालं."

"हो."

"जंगलात शिरतानी त्यायनं आवाज बंद केला असन, तर ठीक. नसन केला तर..."

 नूतनने दुसरी बॅटरी बसवली आणि बटण दाबून धरलं. फोन बराच वेळ काळाच राहिला. चालू होऊ नये, असं तिला या धंद्यात पहिल्यांदाच वाटलं. मग तो थरथरला आणि उजळला.

तिने स्क्रीन स्वतःकडे ठेवली. एक मिस्ड कॉल होता. घर, सकाळी सहा चौतीस. तिने आवाजाचं बटण हलकेच दाबलं. पट्टी वरपर्यंत भरलेली होती.

एरवी फोन कामातून गेला असेल तर गेला, असं नूतन तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक रुसलं तरी बेहत्तर. तिचा अंगठा त्या बटणावरून निघेना. पट्टी खाली खाली येत गेली आणि शेवटी घंटीच्या चित्रावर आडवी रेघ आली. मग तिने फोन फिरवून केसरबाईंपुढे काचेवर ठेवला.

"पाहा बाई. घंटीवर रेघ आहे. आवाज बंद होता."

केसरबाईंनी त्या रेघेला बोट लावून पाहिलं. मग आपला बटणांचा फोन काढला आणि नंबर लावला. काचेवरचा फोन उजळला. घर. आवाज नाही. दोघी पाहत राहिल्या, तो विझेपर्यंत.

"म्हंजे त्यायले आयकूच नाई आलं."

"नाही."

"मी बलावून राह्यली होती, हेबी मालूम नाई झालं त्यायले."

 नूतन एक काटा काढायला गेली, तर दुसरा तिच्याच हाताने रुतला होता. तेवढ्यात काचेवरचा फोन पुन्हा उजळला.

"पोरी," केसरबाई म्हणाल्या, "एकडाव उचल ना."

नूतनने उचलला आणि कानाला लावला. मोहाचा वास थेट घशात उतरला. केसरबाई तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"चहा ठंडा होऊन राह्यला. घरी याले किती येळ हाय?"

वाक्य आधी काउंटरपलीकडून ऐकू आलं. मग क्षणभर उशिराने तेच फोनमधून आलं, बारीक आणि लांबून. काहीतरी बोलायला हवं होतं. नूतनच्या तोंडून कसंबसं निघालं, "निंगालो."

केसरबाईंनी वळून पाहिलं नाही. फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बरं. पन येतानी आवाज बंद ठेवजा. आता मी फोन नाई करत."